गोंगाटाचा धनी

रविवारी सकाळी दाराच्या कडीत खोचलेला पेपर आत आला की घरात त्याची वाटणी होते. मुख्य अंक आजोबांकडे जातो, खेळाचे पान मुलाकडे, आणि पुरवणी आधी कुणी घ्यायची यावरून थोडी कुरबूर होते. दुसरा चहा होईपर्यंत पुरवणी तीन हातांतून फिरलेली असते आणि शब्दकोडे कुणीतरी अर्धवट सोडवून ठेवलेले असते, तेही पेनने. ही रविवारची चैन आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणीतरी, कधीतरी, पुरता हिशेब करून मांडली असेल हे मनातही येत नाही. चित्रे, विनोद, बायकांसाठी मजकूर, मुलांसाठी मजकूर, एखादी अंगावर काटा आणणारी हकिकत, एखादी स्पर्धा, असे भरगच्च ताट वाचकापुढे वाढण्याची पद्धत ज्यांनी रूढ केली त्यांत एक नाव अग्रभागी आहे. जोसेफ पुलित्झर.

आपल्याला हे नाव ठाऊक असते ते पुरस्कारामुळे. दरवर्षी पुलित्झर पारितोषिके जाहीर होतात, निर्भीड आणि नेमक्या पत्रकारितेचा गौरव होतो, आणि ज्याच्या नावाने हे सारे चालते तो गृहस्थ कुणीतरी सोज्वळ, धीरगंभीर संपादक असणार असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षातला पुलित्झर आणि पारितोषिकातला पुलित्झर यांची गाठ घालून दिली, तर दोघे एकमेकांना ओळख दाखवतील की नाही याची मला शंका आहे.

हंगेरीतील माको या गावी १० एप्रिल १८४७ रोजी एका ज्यू धान्यव्यापाऱ्याच्या घरी तो जन्मला. घर खाऊनपिऊन सुखी होते. पण जोसेफ अकरा वर्षांचा असताना वडील गेले, घराची घडी विस्कटली, पुढे आईने दुसरे लग्न केले. पोरगा उंच, काटकुळा, मोठ्या नाकाचा आणि डोळ्यांनी अधू. त्याने सैन्यात जायचे डोक्यात घेतले. ऑस्ट्रियाच्या सैन्याने नाकारले, फ्रेंचांनी नाकारले, इंग्रजांनीही नाकारले. अमेरिकेत मात्र तेव्हा यादवी युद्ध चालू होते. उत्तरेकडच्या सरकारला माणसे हवी होती आणि डोळे तपासत बसायला सवड नव्हती. हँबुर्ग बंदरात भरतीच्या दलालाने त्याला गाठले आणि १८६४ साली तो बोस्टनला पोहोचला. भरतीचे पैसे दलालाच्या खिशात जाऊ नयेत म्हणून त्याने जहाजावरून उडी मारून पोहत काठ गाठला, असे सांगतात. पुलित्झरच्या चरित्रात हे ‘असे सांगतात’ फार वेळा येते. गोष्ट रंगवून सांगण्याची हौस या माणसाला स्वतःच्या बाबतीतही होतीच.

युद्ध संपले आणि घोडदळातला हा शिपाई बेकार झाला. इंग्रजी धड येत नव्हते. सेंट लुईस शहरात जर्मन बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे एवढे ऐकून तो १८६५ साली तिकडे गेला. मिसिसिपी ओलांडायला पैसे नव्हते, म्हणून नावेच्या भट्टीत कोळसा टाकून त्याने भाडे फेडले, असे सांगतात. मग खेचरे सांभाळली, हॉटेलात ताटल्या उचलल्या, १८६६ च्या पटकीच्या साथीत मुडदे पुरण्याचे कामही केले. एकदा साखरेच्या मळ्यावर नोकरी देतो म्हणून एका भामट्याने चाळीसेक जणांकडून पाच-पाच डॉलर घेतले, सगळ्यांना बोटीत बसवले आणि शहरापासून दूर नदीकाठी उतरवून बोट परत नेली. पायपीट करत परतलेल्या पुलित्झरने ही हकिकत लिहून काढली, ती एका जर्मन पत्रात छापून आली, आणि तोच त्याचा पहिला छापील मजकूर, असे म्हणतात. खरे असेल तर बातमीदारीची सुरुवात स्वतःच्या फसवणुकीच्या बातमीने झाली.

उरलेला वेळ वाचनालयात जाई. तिथे इंग्रजी शिकला, कायदा वाचला आणि बुद्धिबळाच्या पटाशी बसणाऱ्या जर्मन पुढाऱ्यांच्या ओळखी झाल्या. त्यातूनच १८६८ साली ‘वेस्टलिशे पोस्ट’ या जर्मन दैनिकात बातमीदाराची नोकरी लागली. दुसऱ्याच वर्षी हा पठ्ठ्या वयाची अट पुरी होत नसताना मिसुरीच्या विधानसभेवर निवडून आला. १८७० मध्ये त्याने एका दलालाच्या पायावर पिस्तूल झाडले, शंभर डॉलर दंड भरला आणि पुढच्या कामाला लागला. काळच तसा होता. १८७८ साली केट डेव्हिसशी लग्न झाले आणि त्याच वर्षी त्याने दिवाळखोरीत निघालेले ‘सेंट लुईस डिस्पॅच’ हे पत्र लिलावात अडीच हजार डॉलरला उचलले. ‘पोस्ट’ या दुसऱ्या पत्राशी त्याची जोड झाली. शहरातले धनिक करपत्रकात आपली संपत्ती किती दाखवतात, त्याच्या याद्याच ‘पोस्ट-डिस्पॅच’ने छापल्या. शेजारच्या बंगल्यातल्या शेठजीने काय दाखवले आणि काय लपवले, हे वाचायला कुणाला आवडणार नाही?

चार वर्षांत पत्र फायद्यात आले. पण १८८२ च्या ऑक्टोबरात त्याच्या संपादकाने, जॉन कॉकरिलने, कार्यालयात चाल करून आलेल्या अलोन्झो स्लेबॅक नावाच्या वकिलाला गोळी घालून ठार केले. पत्राच्या मजकुरावरूनच वाद पेटला होता. कॉकरिलवर खटला उभा राहिला नाही, पण गाव उलटले, खप उतरला. पुलित्झरला सेंट लुईस नकोसे झाले. पुढच्याच वर्षी त्याने जे गुल्ड या रेल्वेसम्राटाकडून न्यूयॉर्कचे तोट्यात चाललेले ‘वर्ल्ड’ विकत घेतले. किंमत ३ लाख ४६ हजार डॉलर, तीही हप्त्यांनी. खप जेमतेम पंधरा हजार. तारीख १० मे १८८३.

त्या काळची न्यूयॉर्कमधली मातबर वर्तमानपत्रे डोळ्यांपुढे आणायची तर एखादे जुने गॅझेट आठवावे. मुंगीएवढा टाइप, रकान्यांमागून रकाने, मथळा रकान्याच्या रुंदीत कसाबसा मावेल एवढाच. राजकीय भाषणे अथपासून इतिपर्यंत. किंमत तीन किंवा चार सेंट. ती शिकलेल्यांनी शिकलेल्यांसाठी काढलेली होती. पण शहर त्यांच्या पानांत मावत नव्हते. न्यूयॉर्कमधल्या दर पाच माणसांतली साधारण दोन परदेशात जन्मलेली होती. आयरिश, जर्मन, इटालियन, पूर्व युरोपातले ज्यू अशी सगळी गर्दी चाळींतून कोंबलेली, आणि त्यातल्या अनेकांना इंग्रजी अक्षर लावून वाचावे लागे. पुलित्झर त्यांच्यातूनच आला होता. कामावरून दमून परतणारा, अर्धवट इंग्रजी येणारा माणूस दोन सेंट खर्च करून काय वाचील, हे त्याला कुणी सांगावे लागले नाही.

त्याचे नशीब असे की ‘वर्ल्ड’ हाती येऊन दोन आठवडे होतात न होतात तोच, २४ मे रोजी, ब्रुकलिनचा पूल खुला झाला. ‘वर्ल्ड’ने त्याचे भले मोठे चित्र छापले आणि लगोलग तक्रारही सुरू केली. रोज पायी जाणाऱ्या मजुराकडून पुलाचा टोल कशाला? आठवड्याभरात पुलावर चेंगराचेंगरी होऊन बारा माणसे मेली. ही बातमी ‘वर्ल्ड’ने अशी सांगितली की वाचणाऱ्याला आपणच त्या जिन्यावर अडकलो आहोत असे वाटावे. त्या उन्हाळ्यात चाळींतल्या कोंदट खोल्यांत तान्ही मुले उष्म्याने दगावत होती. इतर पत्रांत ते आकडे आतल्या पानावर जात. ‘वर्ल्ड’ने ते पहिल्या पानावर आणले आणि वर काळजात घुसेल असा मथळा दिला. वाक्ये आखूड, शब्द सोपे, जोडीला चित्र.

इथे जरा थांबायला हवे, कारण पुढचे सगळे रामायण इथून सुरू होते. वर्तमानपत्र बातम्या विकते, असा आपला समज असतो. पुलित्झरच्या लक्षात आले की दोन सेंटला अंक विकून कागद, शाई आणि माणसे यांचा खर्च भागत नाही. पण तोच अंक लाखभर माणसे रोज उघडत असतील, तर ती लाखभर माणसांची नजर कापडाच्या आणि सामानाच्या मोठमोठ्या दुकानांना विकता येते. त्याने खपाचे आकडे जाहिरातदारांपुढे उघडे केले आणि खप एवढा, म्हणून दर एवढा, असा रोखठोक व्यवहार बसवला. वाचक आता केवळ गिऱ्हाईक राहिला नाही, तो मालही झाला. स्वस्त पत्राची कल्पना काही त्याची नव्हे. १८३३ साली बेंजामिन डे याने न्यूयॉर्कमध्येच एक सेंटाचा ‘सन’ काढला होता. पण या कल्पनेचा कारखाना उभारला तो पुलित्झरने. आज या प्रकाराला अवधानाचे अर्थशास्त्र असे भारदस्त नाव मिळाले आहे. टीव्हीच्या पडद्याखालून धावणारी तांबडी पट्टी काय किंवा जेवताना टिंग करून हाक मारणारा मोबाइल काय, हिशेब तोच.

१८८४ साली खप एक लाखावर गेला, तेव्हा त्याने सिटी हॉलच्या बागेत तोफांच्या शंभर फैरी झाडवल्या आणि नोकरांना उंच रेशमी टोप्या वाटल्या. या तोफा लक्षात ठेवा.

मग पुलित्झर नुसताच लबाड व्यापारी होता का? माझे मत असे की तो लबाड नव्हता, आणि खरी पंचाईत तीच आहे. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचेच पाहा. फ्रान्सने पुतळा दिला, पण तो उभा करायला चौथरा नव्हता आणि श्रीमंतांच्या थैल्या सुटत नव्हत्या. १८८५ च्या मार्चमध्ये ‘वर्ल्ड’ने हाक दिली. देणगी कितीही लहान असो, देणाऱ्याचे नाव छापू. मग काय, पोरांनी खाऊचे पैसे पाठवले, कामकरी बायकांनी पाठवले. बहुतेक देणग्या एका डॉलरच्या आतल्या. ऑगस्टपर्यंत एक लाखाहून अधिक लोकांनी मिळून एक लाख डॉलरच्या वर रक्कम जमवली आणि चौथरा पुरा झाला. आता यात लोकसेवा किती आणि खपाची युक्ती किती? नाव छापून आलेला प्रत्येक माणूस अंक विकत घेणार, शेजाऱ्याला दाखवणार, हे पुलित्झरला ठाऊक नव्हते थोडेच! पण पुतळा उभा राहिला हेही तितकेच खरे.

नेली ब्लायचीही तीच कथा. १८८७ साली ही तरुण बातमीदार वेडाचे सोंग घेऊन ब्लॅकवेल बेटावरच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली. तिथे दहा दिवस राहिली आणि गार पाण्याच्या आंघोळी, कुजके अन्न, मारझोड असे सगळे लिहिले. ग्रँड ज्यूरीची चौकशी झाली आणि शहराने अशा संस्थांसाठी जास्त पैसा मंजूर केला. दोन वर्षांनी याच नेलीला ‘वर्ल्ड’ने पृथ्वीप्रदक्षिणेला धाडले. ती किती वेळात परतेल ते सेकंदासह ओळखा आणि बक्षीस मिळवा, अशी स्पर्धा लावली. लाखो कुपने आली. ती ७२ दिवसांत परतली. पहिल्या बातमीने इस्पितळातल्या बायकांचे भले केले, दुसरीने फक्त करमणूक. विकण्याची रीत मात्र दोन्हींची एकच, आणि मुनिमाच्या वहीत दोन्ही एकाच बाजूला जमा.

तोवर पुलित्झर अमेरिकेतल्या बड्या माणसांत जमा झाला होता. काँग्रेसवर निवडून येऊन, कंटाळून, १८८६ मध्ये राजीनामाही देऊन मोकळा झाला होता. आणि मग १८८७ च्या अखेरीस एके दिवशी कार्यालयात अग्रलेखाचे प्रूफ हातात घेतले तर अक्षरे दिसेनात. एका डोळ्याचा पडदा फाटला होता. डॉक्टरांनी सहा आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगितले. अंधार काही उठला नाही. दुसरा डोळाही हळूहळू गेला. त्यापेक्षाही चमत्कारिक गोष्ट म्हणजे त्याला आवाज सहन होईना. काट्याचमच्यांचा खणखणाट, कागदाची सळसळ, दार लागल्याचा धप्प आवाज, असे काहीही झाले की तो कळवळून उठे. १८९० च्या ऑक्टोबरात, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याने संपादकपद सोडल्याचे जाहीर केले.

त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या पार्क रोवर ‘वर्ल्ड’ची नवी इमारत उघडली. ३०९ फूट उंच, माथ्यावर सोनेरी घुमट, ट्रिनिटी चर्चच्या मनोऱ्यालाही खाली टाकणारी. तेव्हा जगात एवढे उंच कार्यालय दुसरे नव्हते. युद्धानंतरच्या फाटक्या दिवसांत ज्या हॉटेलातून त्याला हाकलले होते, ते विकत घेऊन, पाडून, त्याच जागेवर ही इमारत बांधली, असे सांगतात. उद्घाटनाला मालक हजर नव्हता. पुढच्या एकवीस वर्षांतही त्या इमारतीत तो मोजून दोन-तीनदा गेला असेल.

शंभर तोफा उडवणारा माणूस आता शांतता विकत घेत हिंडू लागला. मेन राज्यात बार हार्बर येथे समुद्रकाठी त्याने जाड भिंतींचा एक मनोराच बांधून घेतला. चिटणीस मंडळी आपापसांत त्याला टॉवर ऑफ सायलेन्स म्हणत. मलबार हिलवरच्या पारशांच्या दोखम्याला इंग्रज हेच नाव देत, हे मुंबईकर वाचकाला वेगळे सांगायला नको. न्यूयॉर्कच्या घरात नामांकित वास्तुशिल्पज्ञांकडून बिनआवाजाची खोली करवून घेतली, तरी त्याला तिथे आवाज ऐकू येतच राहिले. त्याच्याभोवती पाच-सहा चिटणीस सतत असत. बहुतेक इंग्रज, आवाज हलका आणि गोड असणे ही मुख्य पात्रता. ते आळीपाळीने वर्तमानपत्रे वाचत, नाटके-कादंबऱ्या सांगत, पियानो वाजवत. आणि हा आंधळा मालक अटलांटिकच्या या काठावरून त्या काठावर हिंडत रोज तारांनी ‘वर्ल्ड’ चालवत असे. तारा सांकेतिक भाषेत. त्यासाठी हजारो शब्दांचा कोश होता. त्यात पुलित्झरचे स्वतःचे नाव होते ‘अँडीज’, आणि एका तरुण प्रतिस्पर्ध्याचे नाव होते ‘गश’, म्हणजे भळाभळा वाहणारा.

हा गश म्हणजे विल्यम रँडॉल्फ हर्स्ट. कॅलिफोर्नियातल्या खाणमालकाचा मुलगा, पुलित्झरहून सोळा वर्षांनी लहान. पुलित्झरचे ‘वर्ल्ड’ त्याने विद्यार्थ्यासारखे अभ्यासले होते. १८९५ साली तो आईकडचा पैसा घेऊन न्यूयॉर्कला आला आणि त्याने ‘मॉर्निंग जर्नल’ नावाचे पत्र विकत घेतले. दैवाचा खेळ पाहा, हे पत्र काढले होते ते जोसेफच्या धाकट्या भावाने, अल्बर्ट पुलित्झरने. भावाभावांचे फारसे पटत नव्हते. अल्बर्टने ते दुसऱ्या एकाला विकले आणि त्याच्याकडून ते हर्स्टकडे आले.

हर्स्टने किंमत एक सेंट ठेवली आणि पाने भरभरून दिली. मग पुलित्झरच्या रविवारच्या पुरवणीचा संपादक मॉरिल गॉडार्ड यालाच सगळ्या हाताखालच्या मंडळींसह उचलले. पुलित्झरने पगार वाढवून त्यांना परत आणले. ते एक दिवस आले आणि हर्स्टने आणखी वाढवून दिल्यावर पुन्हा गेले. सौदा झाला तेव्हा हर्स्टचे एक कार्यालय खुद्द पुलित्झरच्याच इमारतीत भाड्याने होते! पुरवणीत रिचर्ड औटकॉल्ट काढत असलेले एक व्यंगचित्र फार गाजत होते. चाळीतला एक टकल्या, मोठ्या कानांचा पोरगा, अंगात पिवळा पायघोळ सदरा. औटकॉल्टही हर्स्टकडे गेला. पुलित्झरने दुसऱ्या चित्रकाराकडून तेच पात्र चालू ठेवले. शहरात आता दोन पिवळी पोरे झाली, आणि या दोन्ही पत्रांच्या आरडाओरड्याला १८९७ च्या सुमारास जे नाव पडले ते मराठीत आपण पीत पत्रकारिता असे करून घेतले.

इथे पुलित्झरची विद्या त्याच्यावरच उलटली. वाचकाची नजर हाच माल असेल, तर ज्याचा आवाज मोठा त्याचे दुकान चालणार. आणि आवाजाला वरची मर्यादा नसते. तुम्ही दोन रकान्यांचा मथळा दिला की तो चार रकान्यांचा देतो. त्यानेही ‘वर्ल्ड’ची किंमत एक सेंट केली, खप वाढला, नफा आटला. १८९७ च्या शेवटच्या दिवशी त्याची सतरा वर्षांची मुलगी ल्युसिल विषमज्वराने गेली. आंधळ्या बापाने स्वतःला कोंडून घेतले. आणि सहाच आठवड्यांनी, १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री, हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोटाने बुडाली. अडीचशेहून अधिक खलाशी मेले.

स्फोट कशाने झाला हे कुणालाच माहीत नव्हते. हर्स्टच्या पत्राने स्पेनला गुन्हेगार ठरवून पन्नास हजार डॉलरचे बक्षीस लावले. ‘वर्ल्ड’ने स्फोटाचे भडक चित्र छापले आणि मथळ्यात प्रश्नचिन्ह ठेवले. बाँब की टॉर्पेडो, असा. प्रश्नचिन्ह ही पत्रकाराची फार जुनी पळवाट आहे. सांगायचे तर सांगून टाकायचे आणि जबाबदारी वाचकावर सोडायची. आज बातम्यांच्या वाहिन्यांवर रात्री नऊ वाजता ती रोज भेटते. एप्रिलमध्ये अमेरिका आणि स्पेन यांचे युद्ध सुरू झाले. ते या दोन पत्रांनीच पेटवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, राजकारणातली कारणे पुष्कळ होती. पण धगीत तेल ओतण्याची एकही संधी दोघांनी सोडली नाही. १९७६ साली अमेरिकन आरमाराचे अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांनी पुराव्याची फेरतपासणी केली, तेव्हा निष्कर्ष निघाला की बहुधा जहाजातल्याच कोळशाच्या कोठारात आग लागून दारूगोळा उडाला असावा.

या धुमाळीतली एक गंमत सांगण्याजोगी आहे. ‘वर्ल्ड’ आपल्या बातम्या चोरते अशी हर्स्टच्या लोकांना शंका होती. त्यांनी एक खोटाच ऑस्ट्रियन कर्नल लढाईत मारला. त्याचे नाव रेफ्लिप डब्ल्यू. थेनुझ. दुसऱ्या दिवशी ‘वर्ल्ड’मध्येही कर्नलसाहेब वीरमरण पावले. मग हर्स्टने जाहीर केले की या नावाची अक्षरे फिरवून लावली तर आम्ही बातम्या चोरतो, असे इंग्रजी वाक्य होते. ज्या कार्यालयाच्या भिंतींवर अचूकपणाची आठवण देणारी छापील कार्डे लावलेली होती, त्या ‘वर्ल्ड’ची ही फजिती. त्याच भिंतींवर बातमीत रंग भरण्याची आठवण देणारी कार्डेही होती म्हणा.

युद्धातून दोन्ही पत्रांनी दहा लाखांच्या खपाचे दावे केले, पण पैसा मिळाला नाही. बोटी, तारा, दिवसाला कितीतरी जादा आवृत्त्या, खर्च आभाळाला भिडला. तो वसूल करायचा कुणाकडून? दोघांनी मिळून तो रस्त्यावर पेपर विकणाऱ्या पोरांकडून केला. ही पोरे शंभर अंक पन्नास सेंटला घेत आणि एक-एक सेंटला विकत. शंभर विकले तर पन्नास सेंट कमाई, न विकले गेलेले अंक त्यांच्याच गळ्यात. युद्धाच्या तेजीत शंभराचा भाव साठ सेंट केला. खप जोरात असल्याने पोरांनी सोसले. युद्ध संपले, मथळे मवाळ झाले, अंक उरू लागले, तरी भाव उतरवला नाही. ज्या गरिबांच्या नावाने ‘वर्ल्ड’ सोळा वर्षे ओरडत आले होते, त्यांचीच ही लेकरे. कित्येक बेघर, छापखान्याच्या पायऱ्यांवर निजणारी.

१८९९ च्या जुलैत पोरांनी संप केला. फक्त ‘वर्ल्ड’ आणि ‘जर्नल’ विकायचे नाहीत. त्यांच्या म्होरक्याचे टोपणनाव किड ब्लिंक. त्यालाही एकाच डोळ्याने दिसे. सभेला पाचेक हजार पोरे जमली. ब्रुकलिन पुलावरची रहदारी त्यांनी अडवली, गाड्या उलथल्या, अंक फाडले. इतर पत्रांनी या संपाच्या बातम्या मोठ्या चवीने आणि चित्रांसह छापल्या, म्हणजे पुलित्झरने शिकवल्याप्रमाणेच. ‘वर्ल्ड’चा खप साडेतीन लाखांवरून सव्वा लाखाच्या आसपास आला. मॅनेजर डॉन साइट्झचे खलिते मालकाकडे जात होते. दोन आठवड्यांनी तडजोड झाली. भाव साठ सेंटच राहिला, पण उरलेले अंक परत घेण्याचे कबूल झाले. माणसे जमवून, नावे पुकारून, बलाढ्यांना नमवण्याचा ‘वर्ल्ड’चा धडा या पोरांनी ‘वर्ल्ड’वरच गिरवला. पुलित्झरला हे जाणवले का, कुणास ठाऊक. चाकरांची पाठराखण करण्यात तो एरवी उदार होता, पण हिशेबाच्या बाबतीत फार कडक.

नवे शतक उजाडले तसे त्याने ‘वर्ल्ड’चा आवाज खाली आणला. हर्स्टशी ओरडण्याची शर्यत सोडून दिली. फ्रँक कॉब हा जबरदस्त संपादक नेमला. विमा कंपन्यांचे गैरव्यवहार बाहेर काढले. पनामा कालव्याच्या व्यवहाराबद्दल लिहिले म्हणून अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारतर्फे खटला भरवला, तेव्हा हा आंधळा, आजारी म्हातारा मागे हटला नाही. १९११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ‘वर्ल्ड’च्या बाजूने लागला. याला पश्चात्ताप म्हणावे की शर्यत हरल्यावरचे शहाणपण? दोन्ही असावे. मात्र पत्रकारितेचे शिक्षण देण्याची कल्पना त्याच्या डोक्यात युद्धाच्या आधीपासून होती. १८९२ साली त्याने कोलंबिया विद्यापीठाला पैसे देऊ केले होते आणि विद्यापीठाने नाक मुरडले होते. १९०३ मध्ये वीस लाख डॉलरवर मामला ठरला. पारितोषिके त्याच देणगीतली.

२९ ऑक्टोबर १९११ रोजी दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन बंदरात ‘लिबर्टी’ या आपल्या नौकेवर तो वारला. जर्मन चिटणीस त्याला फ्रान्सच्या राजाचा इतिहास वाचून दाखवत होता. झोप लागायला लागली की वाचणाऱ्याने आवाज उतरवत, उतरवत कुजबुजीवर आणायचा, असा नेहमीचा रिवाज होता. तसाच तो उतरवत आणला गेला.

पुढच्या वर्षी कोलंबियात पत्रकारितेचे विद्यालय सुरू झाले. १९१३ मध्ये त्याचा मुलगा राल्फ याने ‘वर्ल्ड’मध्ये चुकांची तपासणी करणारे स्वतंत्र खाते काढले. १९१७ मध्ये पहिली पारितोषिके दिली गेली. १९३७ साली विज्ञानवार्तांसाठीच्या पारितोषिकाच्या पाच मानकऱ्यांत गोबिंद बिहारी लाल हे भारतीय होते, आणि ते ज्या वृत्तसंस्थेत काम करत ती हर्स्टच्या मालकीची होती.

‘वर्ल्ड’ मात्र तोवर उरले नव्हते. हे पत्र कधीही विकू नये, असे पुलित्झरने मृत्युपत्रात बजावून ठेवले होते. मिळकतीचा मोठा, साठ टक्क्यांचा हिस्सा त्याने सर्वांत धाकट्या हर्बर्टला दिला होता. राल्फला वीस, आणि ज्याच्यावर त्याचा फारसा भरवसा नव्हता त्या दुसऱ्या जोसेफला फक्त दहा. याच जोसेफने सेंट लुईसचे ‘पोस्ट-डिस्पॅच’ पुढे चाळीसहून अधिक वर्षे नावारूपाला आणून चालवले. न्यूयॉर्कचे पत्र तोट्यात गेले. मुलांनी कोर्टात जाऊन मृत्युपत्रातली अट मोडून घेतली आणि १९३१ च्या फेब्रुवारीत ‘वर्ल्ड’ दुसऱ्या साखळीला विकले. २७ तारखेचा अंक शेवटचा. सुमारे तीन हजार माणसे बेकार झाली. पार्क रोवरची सोनेरी घुमटाची इमारत आणखी चोवीस वर्षे उभी होती. १९५५ साली ती पाडली, ब्रुकलिनच्या पुलाकडे जाणारा रस्ता रुंद करायचा होता म्हणून.